मोटारगाडीच्या रंगलेपाची झिलई

मोटारगाडीच्या रंगलेपाची झिलई : मोटारगाडीच्या बाह्य पृष्ठावरील रंगलेपात उमटलेले उथळ ओरखडे, भोवऱ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक रेषा, पाण्याचे डाग व निस्तेजपणा सूक्ष्म अपघर्षकाने (घासून झिजविणाऱ्या पदार्थाने) घासून नाहीसे करण्याच्या व पृष्ठाला मूळची चकाकी आणण्याच्या प्रक्रियेस झिलई किंवा व्यवहारात पॉलिश करणे असे म्हणतात. लाकडी सामानाला स्पिरिट व लाख यांचे पॉलिश करताना पृष्ठावर नवा थर चढविला जातो. मोटारगाडीच्या बाबतीत याच्या उलट घडते. येथे असलेल्या थराचा वरचा अंश काढून टाकला जातो. या दृष्टीने ही क्रिया चिंच व राख लावून तांब्या-पितळेची भांडी घासण्याच्या क्रियेला अधिक जवळची आहे. मात्र भांड्याचा पत्रा जाड असतो, तर रंगलेप अतिशय पातळ असतो. झिलईच्या सर्व पद्धती व त्यांच्या मर्यादा या एका गोष्टीवरून ठरतात.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्यांना घोडागाड्यांप्रमाणेच तेलयुक्त रोगणाचे अनेक हात देत असत. ते वाळण्यास कित्येक दिवस, तर संपूर्ण गाडी तयार होण्यास कित्येक आठवडे लागत. १९२३ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने ड्यूपाँ कंपनीचे नायट्रोसेल्युलोजयुक्त लॅकर आपल्या गाड्यांसाठी वापरण्यास सुरुवात केली. फवाऱ्याने मारता येणारे हे लॅकर अल्पावधीत वाळे. त्याचे ‘ड्युको’ हे व्यापारी नाव भारतात इतके रूढ झाले की, कोणत्याही बनावटीचा रंग फवाऱ्याने मारणाऱ्या कारागिराला ‘ड्युको पेंटर’ म्हणण्याचा प्रघात पडला. हे लॅकर फवारल्यावर त्याला चकाकी बेताचीच येत असे. ती आणण्यासाठी रंग वाळल्यावर अपघर्षक मलम (रबिंग कंपाउंड) लावून तो हाताने घासावा लागे. त्यामुळे झिलई हा रंगकामाचाच अखेरचा टप्पा समजला जाई. पुढे अल्किड रेझिनाची एनॅमले, ॲक्रिलिक रंग व कठीणक (हार्डनर) मिसळून वापरावयाचे पॉलियुरेथेन रंग प्रचारात आले. रंगीत लेपावर स्वतंत्र पारदर्शक लेप देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सर्वत्र पसरली. हे लेप भट्टीतून चकाकी घेऊनच बाहेर पडतात. त्यामुळे आता झिलई हे मुख्यतः दुरुस्तीचे काम झाले आहे.

मुंबईचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. लोअर परळ येथे १९२० मध्ये गहागन पेंट्स अँड व्हार्निश या कंपनीची स्थापना झाली. हीच पुढे गुडलास नेरोलॅक व २००६ पासून कान्साई नेरोलॅक या नावाने ओळखली जाऊ लागली. मोटारगाड्यांच्या कारखान्यांना रंग पुरविणे हा तिच्या व्यवसायाचा मोठा भाग आहे. गिरगावातील गायवाडीत एका गॅरेजच्या जागेत १९४२ मध्ये चार मित्रांनी एशियन पेंट्स या उद्योगाची सुरुवात केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट व नंतर प्रीमियर पद्मिनी या गाड्या तयार होत. काळे अंग व पिवळे छप्पर असलेली पद्मिनी टॅक्सी अनेक दशके शहराची खूण होती. या नमुन्याची शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि टॅक्सींसाठी ठरविलेली वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. काळा रंग झिलईच्या दृष्टीने सर्वांत अवघड समजतात. त्याचे कारण पुढे दिले आहे.

रंगलेपाची रचना : कारखान्यात रंगविलेल्या आधुनिक गाडीच्या पत्र्यावर सामान्यतः चार थर असतात. पत्र्यावर प्रथम फॉस्फेटाची प्रक्रिया करून विद्युत् निक्षेपणाने (विजेच्या साहाय्याने थर बसविण्याच्या क्रियेने) गंजरोधक अस्तर बसवितात. त्याची जाडी सु. २० मायक्रॉन असते (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर ३० ते ४० मायक्रॉनांचा पृष्ठ सपाट करणारा लेप, त्यावर १५ ते २० मायक्रॉनांचा रंगीत लेप व सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनांचा पारदर्शक लेप असतो. चारही थर मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या भागाइतकीच भरते. झिलई करणाऱ्याच्या हाती यांपैकी फक्त सर्वांत वरचा थर असतो.

पारदर्शक लेपात सूर्याच्या जंबुपार किरणांपासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. लेप झिजला की हे संरक्षण कमी होते व काही वर्षांनी त्याचे पापुद्रे निघू लागतात. उन्हात उभ्या राहणाऱ्या जुन्या गाड्यांच्या छपरावर व बॉनेटवर दिसणारे पांढुरके चट्टे याच स्वरूपाचे असतात. ते झिलईने जात नाहीत, तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

जुन्या गाड्यांवर व गॅरेजात कमी खर्चात रंगविलेल्या गाड्यांवर पारदर्शक लेप नसतो, रंगद्रव्य वरच्या थरातच असते. अशा एकपदरी रंगलेपाची ओळख सोपी आहे. आडबाजूच्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे मलम घासल्यास फडक्याला गाडीचा रंग लागतो. पारदर्शक लेप असल्यास फडक्यावर केवळ मलमाचा व मळाचा डाग उमटतो. पूर्वीच्या टॅक्सींना झिलई करताना फडके काळे होई ते यामुळेच.

गॅरेजात दुरुस्त केलेल्या भागाची रचना याहून वेगळी असते. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर लांबी (पुटी) भरून ती पॉलिश पेपरने घासतात व त्यावर अस्तर आणि रंगाचे हात देतात. येथे थरांची एकूण जाडी कित्येक पट अधिक असली, तरी वरच्या लेपाची जाडी ठिकठिकाणी बदलते. म्हणून जाडी अधिक आहे एवढ्यावरून तो भाग अधिक घासण्यास सुरक्षित ठरत नाही.

ओरखडे दिसण्याचे कारण : गुळगुळीत रंगलेपावर लंब दिशेने पडलेल्या प्रकाशापैकी सु. ४ टक्के प्रकाश आरशाप्रमाणे नियमितपणे परावर्तित होतो. त्यामुळे पृष्ठात सभोवतालचे स्पष्ट प्रतिबिंब दिसते व त्यालाच आपण चकाकी म्हणतो. ओरखड्याच्या उतरत्या बाजू प्रकाश भलत्या दिशेला फेकतात. एक ते तीन मायक्रॉन खोलीची रेषाही त्यामुळे डोळ्याला जाणवते. पांढऱ्या गाडीत रंगद्रव्याकडून सर्व दिशांना परतणारा प्रकाश पुष्कळ असल्याने हा विखुरलेला प्रकाश त्यात लोपून जातो. काळ्या गाडीत रंगद्रव्याकडून प्रकाश जवळजवळ परतत नाही, म्हणून प्रत्येक ओरखडा उजळ रेषेच्या रूपाने उठून दिसतो. सारख्याच झिजलेल्या दोन गाड्यांपैकी काळी गाडी अधिक खराब वाटते, ती याच कारणाने.

ज्यांना भोवरे म्हणतात त्या रेषा बहुधा वर्तुळाकार नसतात. पृष्ठावर सर्व दिशांना पसरलेल्या असंख्य सरळ व वाकड्या रेषांपैकी, दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडव्या येणाऱ्या रेषाच प्रकाश डोळ्यांकडे पाठवितात. त्यामुळे कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती भासते. पाहणारा बाजूला सरकला की हे जाळेही प्रतिबिंबाबरोबर सरकते. ढगाळ हवेत किंवा सावलीत ते दिसत नाही. गाडी धुतल्यावर सावलीत तपासून समाधान मानणाऱ्यास उन्हात आल्यावर दोष दिसतात, ते यामुळे.

कारणे : भोवरे उमटण्याचे सर्वांत मोठे कारण गाडी पुसण्याची पद्धत हेच असते. रस्त्यावरील धुळीत क्वॉर्ट्झचे कण असतात व त्यांची कठिनता मोस मापप्रमाणात ७ असते. मुंबईच्या भूमीतील बेसाल्ट खडकाच्या चुऱ्यातील फेल्स्पार व पायरोक्सीन ही खनिजे ५ ते ६·५ कठिनतेची असतात. रंगलेप या सर्वांपेक्षा पुष्कळ मऊ असतो. कोरड्या फडक्याने धूळ झटकताना हे कण पृष्ठावर फरफटतात व प्रत्येक कण एक रेषा कोरतो. एका बादलीत अनेक गाड्या पुसण्याची रीत मुंबईच्या चाळींच्या व इमारतींच्या आवारांत पहाटे सर्वत्र आढळते. पहिल्या गाडीची माती त्या पाण्यात बुडविलेल्या फडक्यातून दुसऱ्या गाडीवर जाते. फडके ओले असले, तरी ते स्वच्छ नसते.

दक्षिण व मध्य मुंबईतील परिस्थितीने यात भर पडते. गिरगावातील वाड्यांत व दादर-परळच्या गल्ल्यांत बहुतेक जुन्या इमारतींना गाड्यांसाठी आच्छादित जागा नाही. गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात व त्यांच्या अंगाला घासून पादचाऱ्यांच्या पिशव्या, छत्र्या व हातगाड्या जातात. धुळकट गाडीवर घातलेले कापडी आच्छादन वाऱ्याने हलत राहिल्यास तेही पॉलिश पेपरासारखेच काम करते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर लालबाग-परळ परिसरातील गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनींवर पुढे उंच इमारती उभ्या राहू लागल्या व त्या बांधकामांची सिमेंटमिश्रित धूळ आसपासच्या गाड्यांवर साचू लागली. दवाने ओली झाल्यावर ही धूळ चिकटून बसते व ती अल्कधर्मी असल्याने डागही पाडते. चौपाटीनजीक खाऱ्या हवेतील लवणांचा थर बसतो. लोहमार्गाजवळ उभ्या असणाऱ्या गाड्यांवर चाके व गतिरोधक (ब्रेक) यांच्या झिजेतून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण रुततात व गंजून तांबूस ठिपके दिसू लागतात. पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक उन्हात तापल्यास लेपात खड्डे पाडतात. असे खड्डे वरच्या थरापुरते असतील तरच झिलईने भरून न येता निदान सपाट होतात.

परीक्षा : ओरखड्यावरून नख हलकेच आडवे फिरविल्यास ते अडकत नसेल, तर तो बहुधा झिलईने जाण्याइतका उथळ असतो. नख अडकल्यास तो खोल समजावा. ओरखड्याच्या तळाशी पांढरा किंवा करडा रंग दिसल्यास अस्तर उघडे पडलेले असते व चकाकणारा पत्रा दिसल्यास तेथे गंज चढण्याचा धोका असतो. या दोन्ही बाबतींत घासणे निरुपयोगी असून रंग भरणे हाच उपाय आहे. ओरखडा घालविणे म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा लेप खाली आणणे होय, ही गोष्ट ध्यानात घेतल्यास खोल ओरखडा पूर्णपणे का काढू नये हे स्पष्ट होते. अशा वेळी त्याच्या धारदार कडा गोलसर करून तो कमी ठळक करण्यावरच समाधान मानतात.

रंगलेपाची जाडी चुंबकीय प्रवर्तनावर चालणाऱ्या मापकाने मोजता येते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यासाठी भोवरी विद्युत् प्रवाहावर आधारलेला मापक वापरतात. मात्र हे मापक सर्व थरांची एकत्रित जाडी दाखवितात. पारदर्शक लेप नेमका किती उरला आहे हे त्यांवरून कळत नाही. एकाच भागावर ठिकठिकाणी मापन केल्यास पूर्वी कोठे जास्त घासले गेले आहे अथवा कोठे लांबी भरलेली आहे याचा अंदाज येतो.

पद्धत : काम सावलीत व पत्रा थंड असताना करतात. मुंबईत मे महिन्यातील दुपारी उन्हातील पत्र्यावर मलम ताबडतोब सुकते आणि पावसाळ्यात रस्त्यालगत काम करताना पृष्ठावर सतत पाणी व चिखल उडतो. या दोन्ही वेळा टाळणे इष्ट असते.

प्रथम गाडीवर भरपूर पाणी सोडून सुटी धूळ काढून टाकतात. नंतर सौम्य शांपूचे पाणी व स्वच्छ पाणी अशा दोन वेगळ्या बादल्या ठेवून मऊ हातमोज्याने वरून खाली धुतात. प्रत्येक वेळी हातमोजा प्रथम स्वच्छ पाण्यात खळबळून मगच शांपूच्या पाण्यात बुडवितात. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात क्षार अधिक असल्याने ते अंगावर वाळू दिल्यास पांढरे डाग राहतात. म्हणून सूक्ष्मतंतूंच्या (मायक्रोफायबर) टॉवेलाने गाडी लगेच टिपून घेतात. धुण्याने न निघणारे लोखंडाचे कण, डांबर व चीक काढण्यासाठी वंगणासारखे द्रावण फवारून खास मातीचा गोळा (क्ले बार) पृष्ठावर हलकेच फिरवितात. गोळा जमिनीवर पडल्यास तो टाकून देतात, कारण त्यात रुतलेला वाळूचा एक कणही नवे ओरखडे पाडण्यास पुरेसा असतो.

रबरी पट्ट्या, प्लॅस्टिकचे भाग व पत्र्याच्या धारदार कडा कागदी चिकटपट्टीने झाकतात. कडांवर रंगलेप मुळातच पातळ बसतो व यंत्राचा दाबही तेथे एकवटतो. त्यामुळे अस्तर उघडे पडण्याचे बहुतेक प्रकार कडांवरच घडतात.

यानंतर सु. ५० सेंमी. चौरसाच्या जागेवर चाचणी घेतात. ती सर्वांत सौम्य मलम व मऊ गादी यांनी सुरू करतात. दोष न गेल्यास क्रमाने अधिक तीव्र मलम वापरतात. जे सौम्य साधनाने साधते त्यासाठी तीव्र साधन वापरू नये, हा या कामाचा पहिला नियम होय. पूर्वीच्या मलमांत डायाटमी माती व प्यूमीस यांसारखी नैसर्गिक अपघर्षके असत. आधुनिक मलमांत बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडाचे समान आकारमानाचे सूक्ष्म कण असतात [⟶ अपघर्षके]. काही मलमांतील कण घासताना फुटून अधिकाधिक बारीक होत जातात, तर काहींतील कण अखेरपर्यंत तेवढेच राहतात.

यंत्रे दोन प्रकारची आहेत. एका अक्षाभोवती फिरणारे यंत्र झपाट्याने काम करते, पण एकाच जागी राहिल्यास पृष्ठ तापवून रंगलेप जाळते. अननुभवी हाताने ते तिरके धरल्यास स्वतःचेच भोवरे उमटविते. दुसऱ्या प्रकारात गादी फिरते व त्याचबरोबर तिचा मध्यही लहान वर्तुळात हलतो. याचा वेग कमी असला, तरी ते अधिक सुरक्षित असते. लोकरीची गादी अधिक झीज करते, फोमची गादी सौम्य असते. गादीवर मलमाचे तीन-चार ठिपके घेऊन ते कमी वेगात पसरवितात. नंतर वेग वाढवून यंत्र आडव्या व उभ्या समांतर पट्ट्यांत, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी येईल अशा बेताने, सावकाश फिरवितात. पत्रा हाताला चटका बसेल इतका तापू देत नाहीत. प्लॅस्टिकच्या बंपरात उष्णता पसरत नसल्याने तेथे विशेष काळजी घ्यावी लागते. हाताने झिलई करता येते, पण तीत श्रम अधिक व फळ कमी असते.

मलमातील तेलकट द्रव्ये ओरखड्यांत भरून ते तात्पुरते झाकतात. याचा गैरफायदा घेऊन गाडी क्षणभर आरशासारखी चकाकती करून देणारे कारागीर आढळतात. दोन-तीन धुण्यांनंतर सर्व ओरखडे पुन्हा दिसू लागतात. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहॉलाच्या विरल द्रावणाने पृष्ठ पुसून, उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली ते तपासतात. झिलई खरी की वरवरची हे ओळखण्याचा गाडीमालकालाही करता येण्याजोगा हाच उपाय आहे. शेवटी अतिसूक्ष्म कणांच्या मलमाने व मऊ गादीने उरलेली धूसरता काढतात.

संरक्षक लेप : झिलईने दोष जातात, संरक्षण मिळत नाही. त्यासाठी ब्राझीलमधील पाम वृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण, कृत्रिम बहुवारिकांचे (पॉलिमरांचे) लेप किंवा सिलिकायुक्त ‘सिरॅमिक’ लेप देतात. मेण काही आठवडे ते काही महिने टिकते व इतर लेप त्याहून अधिक काळ टिकतात. या लेपांची जाडी फारच कमी असल्याने पाणी व मळ न चिकटणे हा त्यांचा खरा उपयोग आहे. कोणत्याही लेपाने गाडी ओरखड्यांपासून मुक्त होते हा समज चुकीचा आहे. ओरखडे न काढता वर टिकाऊ लेप दिल्यास ते त्याखाली तसेच राहतात.

मर्यादा : सौम्य झिलईत सु. १ ते २ मायक्रॉन, तर तीव्र झिलईत ३ ते ५ मायक्रॉन लेप झिजतो. पारदर्शक लेपातून गाडीच्या संपूर्ण आयुष्यात ७ ते ८ मायक्रॉनांहून अधिक अंश काढू नये, असे सामान्यतः मानतात. म्हणजेच तीव्र झिलई दोनदा झाली की ही शिल्लक जवळजवळ संपते. दर दिवाळीला किंवा प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी यंत्राने ‘रबिंग-पॉलिश’ करून घेण्याची सवय एकपदरी जाड रंगाच्या काळातील आहे. पारदर्शक लेपाच्या गाडीला ती अपायकारक ठरते. ज्या गाडीवर कुटुंबाची उपजीविका चालते, तिच्या बाबतीत अशा झिलईने अकाली उघडा पडलेला पत्रा म्हणजे पुन्हा रंगविण्याचा खर्च व तेवढ्या दिवसांची बुडालेली कमाई होय.

आरोग्य : ओल्या मलमाने केलेल्या झिलईत धूळ कमी उडते, पण कोरड्या घासकामात ती श्वासावाटे शरीरात जाते. जुन्या पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य वापरण्याचा प्रघात होता. असा रंग कोरडा घासणे घातक असते. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले व ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आली. जुन्या गाड्यांवरील रंग त्यापूर्वीचे आहेत, शिवाय हा नियम मोटारगाड्यांच्या रंगांसाठी नाही. कठीणक मिसळलेल्या पॉलियुरेथेन रंगाचा फवारा मारताना आयसोसायनेटाच्या वाफा निर्माण होतात व त्यांमुळे दमा जडू शकतो. नाकातोंडावर रुमाल बांधल्याने या वाफा अडत नाहीत. त्यासाठी योग्य श्वसनसाधन व हवेशीर जागा आवश्यक असते. रस्त्यालगतच्या लहान गॅरेजांत पोरवयात काम शिकू लागलेल्या कारागिरांच्या दृष्टीने ही बाब गाडीच्या चकाकीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

प्रतिबंध : कोरड्या फडक्याने गाडी कधीही न पुसणे, प्रत्येक गाडीसाठी पाणी बदलणे, जमिनीवर पडलेले फडके धुतल्याखेरीज न वापरणे, धुळकट गाडीवर आच्छादन न घालणे व विष्ठा किंवा चीक दिसताच तो भिजवून काढणे, एवढ्या दक्षतेने बहुतेक ओरखडे टळतात. मिरवणुकीनंतर गाडीवर पडलेला गुलालही झटकू नये, पाण्यानेच वाहून जाऊ द्यावा. या उपायांना खर्च जवळजवळ येत नाही आणि झिजलेला लेप मात्र कोणत्याही झिलईने परत मिळत नाही.